इन्सुलिन वाढलंय

भागवतनं पिशवीतून बॉक्स काढून काउंटरवर ठेवला. बॉक्स ओला होता आणि पुठ्ठ्याच्या कडेला अजून बर्फ चिकटलेला होता. मी आतलं एक कार्ट्रिज, म्हणजे इंजेक्शनच्या पेनात बसवायची औषधाची नळी, काढून उजेडाकडे धरलं. औषध गोठून घट्ट झालेलं.

"कुठं ठेवलं होतं?"

"फ्रीजमधीच होतं की. पाव्हणे आलते घरी. भाजी ठिवायला जागा करताना कुणीतरी वर बर्फाच्या खणात सारलं. वितळलं की चालंल ना, भाऊ?"

"नाही चालणार."

इन्सुलिन थंड ठेवायचं असतं, गोठवायचं नसतं. एकदा गोठलं की ते बाद. वितळल्यावर दिसायला पूर्वीसारखंच दिसतं, म्हणून तर जास्त घात होतो. हे समजावून सांगताना मला दर वेळी राग येतो आणि तो काढायला माणूस सापडत नाही. कारण बर्फात ठेवणाऱ्या बिचाऱ्यानं ते बहुतेकदा काळजीपोटीच ठेवलेलं असतं.

बीडमध्ये माझं मेडिकल आहे. भागवत गेवराईकडचा, मोसंबीची बाग आहे त्याची. त्याची मुलगी श्रावणी सहावीत आहे. तिला टाइप वन डायबिटीस. म्हणजे तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. म्हाताऱ्यांच्या शुगरसारखं गोळीवर भागत नाही, पथ्यानं तर नाहीच. तिला दोन पेनं लागतात. एक जेवणाआधीचं. दुसरं रोज संध्याकाळी एकदा घ्यायचं, ते दिवसभर पुरतं. चुलीत राखेखाली निखारा राहतो ना, तसं. हे निखाऱ्याचं इन्सुलिनच गोठलं होतं. पेनात होतं ते आदल्या संध्याकाळी संपलेलं. पुढचा डोस आज दिवेलागणीला.

भागवत सकाळपासून गेवराईची सगळी मेडिकलं पालथी घालून माझ्याकडे आला होता. माझ्याकडेही नव्हतं. होलसेलरला फोन केला, तर तो म्हणाला, "कंपनी कार्ट्रिज बंद करून औषध भरलेलं तयार पेन आणतीय. जुनं येईना, नवं पोचेना. मधल्या मधी आमीच शिव्या खायलोत."

श्रावणीच्या डॉक्टर संभाजीनगरला असतात. त्यांना फोन लावला.

"मॅडम, बाटलीतलं दुसरं इन्सुलिन आहे माझ्याकडे. ते चालेल का?"

"फोनवर नाही बदलणार मी," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षीचं विसरलात का? संध्याकाळपर्यंत तिचं नेहमीचं मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर सरळ इकडे घेऊन या. ॲडमिट करू, नजरेसमोर बदलू."

गेल्या वर्षीचं मी विसरलो नव्हतो. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक पातळ, म्हणजे कमी ताकदीचं येतं, पेनातलं घट्ट. पातळ औषधाची सिरिंज वेगळी आणि घट्ट औषधाची वेगळी. लग्नाच्या गावी पेन हरवलं म्हणून कुणीतरी बाटली आणली, सिरिंज दुसरीच आणली. डोस निम्म्याहून कमी गेला आणि पोरगी आयसीयूत गेली. तेव्हापासून हॉस्पिटलचं नाव काढलं की ती जेवण सोडते, असं भागवत म्हणाला. बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

मी जिल्ह्यातल्या केमिस्टांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला. इन्सुलिनचं नाव, कार्ट्रिज, अर्जंट, लहान मुलगी आहे. उत्तरं येऊ लागली. माजलगाव, नाही. अंबाजोगाई, नाही. केज, नाही. मग परळीच्या शिवलिंग आप्पांचा आवाज आला. आप्पा टाइप करत नाहीत, बोलून पाठवतात.

"सुधाकर, ते इन्सुलिन आमच्याकडं वाढलंय."

त्याखाली कुणीतरी हात जोडले, कुणी रडका चेहरा टाकला. मीही भागवतला म्हणालो, "परळीतही संपलं."

आता हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्याकडे जुन्या व्यापारी घरांतून 'संपलं' हा शब्द उच्चारत नाहीत. अशुभ. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. आप्पांचं घर परळीतलं पिढीजात व्यापाऱ्यांचं. कपाळावर भस्माचे पट्टे ओढल्याशिवाय आप्पा शटरला हात लावत नाहीत. त्यांच्या तोंडून 'संपलं' मी आजवर ऐकलेलं नाही. खोकल्याचं औषध वाढतं, बँडेज वाढतं. पहिल्यांदा ऐकणारा कंपनीचा माणूस खूश होऊन ऑर्डर न घेताच निघून जातो. आम्ही जाणते, आम्हाला बरोबर कळतं.

दुपारी श्रावणी आणि तिची आई एसटीनं बीडला आल्या. इथूनच पुढे हॉस्पिटलला निघावं लागलं तर उशीर नको, म्हणून भागवतनं बोलावून घेतलं होतं. आईच्या हातात कपड्यांची पिशवी होती. मी श्रावणीला स्टुलावर बसायला सांगितलं.

"काका, मिळालं?"

"शोधतोय."

"न्हाई मिळालं तर आज निघायचं का उद्या?"

"आजच."

तिनं मान हलवली आणि दप्तरातून भूगोलाचं पुस्तक काढून वाचायला घेतलं. पान मात्र उलटेना. मला तिच्यासमोर उभं राहवेना, म्हणून फोन घेऊन आत गेलो.

मनात आलं, आप्पांकडचा माल संपलाय, पण तो कुणाच्या तरी घरच्या फ्रीजमध्ये असणारच. त्या पेशंटच्या हातापाया पडून एक कार्ट्रिज उसनं मागू. मी आप्पांना फोन लावला.

"आप्पा, ते इन्सुलिन शेवटचं कुणाला दिलं तुम्ही?"

"कुणाला बी न्हाई."

"मग वाढलं कसं?"

"कुणाला दिलं न्हाई म्हणूनच वाढलं की."

"आप्पा, नीट सांगा. तुमच्या फ्रीजमध्ये ते आहे की नाही?"

"हाय की बाबा. सकाळधरनं सांगायलोय, वाढलंय म्हणून. हितल्या डॉक्टरनं दोघा पेशंटचं इन्सुलिन बदललं, माझा माल पडून ऱ्हायला. त्याला वाढलं न्हाई तर काय म्हणू? वर ग्रुपवर सगळे रडायलेत. मला वाटलं, लोकान्ला झालंय काय."

"आप्पा, संपल्यावर तुम्ही काय म्हणता?"

"वाढलं."

"मग माणसानं ओळखायचं कसं?"

"आवाजावरनं," आप्पा म्हणाले. "तसलं वाढलं असतं तर मी आवाज पाडून बोललो नसतो का?"

इतका वेळ अडवून धरलेलं हसू मला फुटलं. पण धंद्यातला माणूस हसून थांबत नाही. या औषधांची नावं एकमेकांसारखी असतात, म्हणून मी आप्पांना बॉक्सवरचं नाव एकेक अक्षर लावून वाचायला सांगितलं. मग ताकद, मग एक्स्पायरी. आप्पांनी कुरकुरत चष्मा शोधला आणि सगळं वाचलं. अगदी तेच होतं.

भागवत जीप घेऊन परळीला सुटला. जाताना त्याला बजावलं, बर्फाला थेट टेकवू नकोस. त्याला वेगळं सांगायची गरज नव्हती म्हणा. आप्पांनीही बॉक्स कागदात गुंडाळून, वर कापड लपेटून मगच बर्फाच्या डब्यात ठेवला होता. पैसे देताना म्हणे त्यांनी भागवतलाच झापलं. "दोन तालुके फिरत बसलास, हिकडं का न्हाई आलास? का म्हून लोकं ऐकत न्हाईत मी काय म्हणतो ते?"

दिवेलागणीच्या आधी जीप दारात उभी राहिली. मी बॉक्स उघडून तपासला. औषध पाण्यासारखं स्वच्छ, हाताला गार. श्रावणीनं हात धुतले, पेनात कार्ट्रिज बसवलं, सुई वर धरून एक थेंब हवेत सोडला आणि माझ्याकडे पाठ करून इंजेक्शन घेतलं. आम्ही तिघं मोठी माणसं उगाचच औषधांच्या कपाटाकडे बघत उभे होतो. तिच्या आईचे डोळे भरले होते. माझेही, खोटं कशाला सांगू.

"आता घरीच ना?" श्रावणीनं विचारलं.

"घरीच," भागवत म्हणाला, आणि त्यानं कपड्यांची पिशवी उचलून जीपमध्ये टाकली. मी डॉक्टरांना फोन करून कळवलं. उरलेले बॉक्स आप्पांनी श्रावणीसाठी बाजूला काढून ठेवले आणि नवी पेनं बाजारात येईपर्यंत ते तिला पुरले.

ग्रुपवर त्यानंतर आम्ही नियम केला, की फक्त 'आहे' किंवा 'नाही' लिहायचं. आप्पांना तो पटला नाही. मालाला 'नाही' हा शब्द ते दुकानात बसून लावणार नाहीत. माल नसला की ते गप्प बसतात, असला की तासभर बोलतात. आमचं काम भागतं.

मला त्या दिवशी अडवलं ते आप्पांच्या बोलण्यानं नाही, मी त्यांना ओळखतो या समजानं. एखाद्या परक्या दुकानदाराचा मेसेज असता तर मी सकाळीच उलटून विचारलं असतं. अनोळखी माणसाला एकदा विचारलं तरी चालतं; ओळखीच्याला दोनदा विचारावं.