दह्यासारखं लावलेलं यीस्ट

फ्लॅट रिकामा केला त्या दिवशी वहिनींनी मला दोन वस्तू दिल्या. फ्रीजमधली एक काचेची बरणी आणि दोन किलो साखर. त्यांचा नवरा माझा मित्र. मरीन इंजिनियर, सिंगापूरमध्ये आंग मो किओला आमच्याच ब्लॉकमध्ये दोन मजले खाली राहायचा. एका सकाळी कामावरच कोसळला आणि गेला. त्याच्या नोकरीबरोबर घरच्यांचे तिथे राहायचे पासही संपले, म्हणून वहिनी लहान लेकीला घेऊन रत्नागिरीला निघाल्या होत्या. सामान बांधताना त्या रडल्या नाहीत. बरणी देताना मात्र रडल्या.

बरणीत आमच्या शेवटच्या बिअरचा गाळ होता. आम्ही दोघं स्वतःपुरती बिअर घरीच करायचो. बादलीच्या तळाशी बसलेलं यीस्ट तो कधी फेकू द्यायचा नाही. "विरजण आहे ते," म्हणायचा. "दही संपवताना चमचाभर ठेवतोस की नाही?" यीस्टच्या एका पुडीवर त्याने सहा वेळा बिअर काढली. मी त्याला कंजूष म्हणायचो.

वर्षश्राद्धाला दोन महिने होते तेव्हा वहिनींचा फोन आला.

"भावजी, त्या दिवशी ह्यांच्या पानाशेजारी ह्यांची बिअर ठेवायची आहे. लोक काय बोलायचं ते बोलू देत. त्या बरणीतलीच करून आणाल ना?"

मी हो म्हणालो. वर, त्यात काय अवघड आहे, असंही म्हणालो. ही माझी जुनी खोड.

मोड आणलेल्या सातूचं माल्ट आणून नेहमीची बिअर केली असती तर प्रश्नच नव्हता. पण मला भलतंच सुचलं. त्याचंच यीस्ट, त्याच्याच घरची साखर, बाकी काही नको. नुसत्या साखरेचा प्रयोग त्यालाही करून बघायचा होता. साखरेवर यीस्ट गोड खातं पण उपाशीच राहतं, त्याला आणखी काहीतरी लागतं. त्यावर त्याचा उपाय होता. थोडं यीस्ट उकळून मारायचं आणि तेच उरलेल्या जिवंत यीस्टला खाऊ घालायचं. हे त्याने हसत सांगितलं होतं आणि मला शिसारी आली होती.

रविवारी दुपारी मी अर्धी बरणी साखरेच्या पाण्यात उकळली. पातेलं सिंकमध्ये गार पाण्यात ठेवलं. थोड्या वेळाने दूध बघतात तसं कडेला बोट घालून बघितलं. कोमट. उरलेलं यीस्ट मधोमध ओतलं. इतक्या साखरेला ते कमी पडेल म्हणून बरणीही विसळून घातली. मग पळी फिरवली, तर मधूनच वाफ आली. कडेचं पाणी तेवढं निवलं होतं, मध्ये चटका बसेल इतकं गरम होतं.

दिवसभर जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात तापमानाचे आकडे बघून पोट भरणारा माणूस मी. घरात थर्मामीटर होता. तो ड्रॉवरमध्येच राहिला.

सगळं बादलीत ओतलं आणि तीन दिवस मी तिच्यापुढे खुर्ची टाकून बसलो. एक बुडबुडा आला नाही. चौथ्या दिवशी झाकण काढलं, आत नुसतं गोड पाणी होतं, यीस्ट सगळं मेलं होतं. स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटली. मित्र गेला तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. हे मात्र सगळं माझ्या हातात होतं, आणि मी घाई केली.

नंतर दुकानातून माल्ट आणि यीस्टची नवी पुडी आणली. बिअर उत्तम झाली. दोन बाटल्या कपड्यांत गुंडाळून रत्नागिरीला नेल्या. खरं काय ते वहिनींना सांगायचं, असं विमानात पक्कं ठरवलं होतं.

भटजी गेल्यावर वहिनींनी पानाशेजारी ग्लास ठेवला, बाटली उघडली. फेस वर आला. त्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"तोच वास," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या शर्टाला यायचा."

मी तोंड उघडलं आणि पाणी मागितलं. माझ्यासारखा भित्रा माणूस शोधून सापडायचा नाही.

निघताना मी रिकामी बाटली उचलायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. बाटलीच्या तळाशी थोडा गाळ होता.

"हे राहू दे माझ्याकडे. तुमच्याकडचं कधी संपलं तर? दह्यासारखंच लावायचं ना?"

कसं जपायचं, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. पाणी पूर्ण निवू द्या, हे दोनदा सांगितलं.

आता दर रविवारी त्या बरणीत साखरपाणी घालतात आणि फेस आला की मला फोटो पाठवतात. परवाच्या फोटोत बरणीशेजारी लेकीचा हात होता. खाली लिहिलं होतं, "आज साखर हिने घातली. बाबांच्या हातचं आता एवढंच उरलंय, असं तिला सांगितलं."

मी अंगठा पाठवला.