हुकूम कोणाचा?

वत्सलाबाई गेल्याचं मला परतवाड्याच्या मोटार स्टँडवर कळलं. पंधरवडा होऊन गेला होता. हातातला चहा तिथेच निवला... घरी ही बातमी मी जन्मात प्रथमच एकही थाप न जोडता सांगितली, असं माझी बायको शपथेवर सांगते.

दहा वर्षांपूर्वी बार्शीटाकळीकडच्या एका गावात मी ग्रामसेवक होतो, बाई ग्रामसेविका. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातली मॅट्रिक पोर. नोकरी अजून कायम व्हायची होती आणि घरची चूल तिच्यावरच पेटायची. विकास योजनेत पुरुषांना सरकी ओळीत टोबायला शिकवायचं, बायकांसाठी शिवण आणि रुमालावरची फुलं. पुरुष माझ्यासमोर असे घोरत, की वावरातले बैल बुजत. खरं तर सरकी टोबायच्या बायाच. त्या भेगाळल्या बोटांनी तिकडे सुईत दोरा ओवत बसलेल्या! सोनाबाई म्हातारी एकदा कडाडली, "बाई, ह्या रुमालानं कोनाचं नाक पुसू? सरकी आमी टोबतो, अन् शिकून राहिले मानसं!"

बाई तडक माझ्याकडे आल्या. "भाऊ, यायले तुमी शिकवा."

"परिपत्रकात शेतकऱ्यांना शिकवा, असं आहे."

"मंग ह्या कोन आहेत?"

मी परिपत्रकाची घडी करून खिशात घातली आणि हो म्हटलं.

बाया वावरात माझ्याकडे शिकायला आल्या, नेमक्या त्याच दिवशी दिल्लीहून विलायती मॅडम शिवणाचा वर्ग पाहायला आल्या. वर्गात दोन मशिनी आणि एक शेळी. आमच्या ब्लॉकच्या साहेबांना असा घाम फुटला, की दोन एकर ओलित झालं असतं. सगळे वावरात आले. मॅडम खूश होऊन बायांच्या ओळीत मातीतच बसल्या, साहेब दात खाऊन म्हणाले, "हुकूम कोणाचा?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे.

"माझा," त्या म्हणाल्या.

महिन्याभरात त्यांची नोकरी गेली. मला शाबासकीचं पत्र आलं, बायकांना शेती शिकवल्याबद्दल!

पुढे अकोल्यात त्या कपडे शिवून जगल्या. म्हणजे शिवणाचा वर्गच बरोबर होता का? मी विचारलंही. त्या हसल्या, "शिवन वाईट कवा म्हनलं मी? बायांले आधी इचारलं काहून नाही, एवढंच म्हनलं." माझं नाव का घेतलं नाही, हे मात्र मला विचारवलं नाही. कीव आली, की माझा भरवसाच नव्हता... अजून कळत नाही.

परवा त्यांच्या खोलीवर गेलो. मशीनच्या सुईखाली अर्धा शिवलेला झंपर तसाच होता. गावाकडच्या बाया आलेल्या. सोनाबाईच्या सुनेनं विचारलं, "भाऊ, त्या दिवशीचं बाईनं एकटीनंच ठरवलं होतं काय?"

"हो, एकटीनंच."

एवढी लहान थाप मी आयुष्यात मारली नव्हती. तिनं मान डोलावली, सुई वर घेतली आणि झंपर सोडवून घडी करायला लागली.