अमरावतीचा हात, अकोल्याचा हात

माझ्यासमोर कोणी दोन गिटारवाल्यांची तुलना काढली की माझं डोकं फिरतं. अजूनही. परवा जठारपेठेत माझ्या क्लासला येणारे दोन मोठे गृहस्थ, एक बँकेतला, एक औषधांच्या दुकानातला, जिन्यातच भांडत होते. परदेशातला अमका मोठा की तमका मोठा? एकाचं म्हणणं, वेग पाहा. दुसऱ्याचं म्हणणं, वेग काय चाटायचाय, त्याचा एकच सूर आतड्यापर्यंत जातो. मी वरूनच ओरडलो, "चूप बसा न बाप्पा! आधी गिटार सुरात लावाले शिका, मंग मोठ्या लोकाइच्या गोष्टी करा!" त्यांचं काही चुकलं नव्हतं. एवढा राग यायचं कारण त्यांना कुठून ठाऊक असणार?

आमच्या वऱ्हाडातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांत वीस वर्षं एकच वाद चालला. अमरावतीचा हात मोठा की अकोल्याचा? अमरावतीचा हात म्हणजे भाऊ, अकोल्याचा म्हणजे मी. इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे आमच्याकडे आणखीही होते, पण लोक भांडायचे ते आमच्या दोघांवरून. गणपतीत भांडायचे, शारदोत्सवात भांडायचे, लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवाचे मामे भांडायचे. आणि शेवटी कोणीतरी वयस्क माणूस पान जमवत म्हणायचा, "अकोल्याचा पोट्टा चांगला हाय. पण भाऊ ते भाऊ." झालं. तिथं वाद संपायचा. मी चाळिशी ओलांडली तरी यांच्या लेखी पोट्टाच.

खरं सांगायचं तर ते बरोबर बोलत होते. गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये गिटारला जी जागा मिळते तिथं मी वीस सूर कोंबायचो. भाऊ तीन लावायचे. तिसरा सूर लागला की तार बोटानं वर ढकलत न्यायचे, हळूहळू, आणि मग तिथंच थांबायचे. मंडपात एवढी शांतता व्हायची की पंख्यांची घरघर ऐकू यायची. मी एकदा चिडून म्हणालो, "भाऊ, सुराइची एवढी कंजुशी कायले करता?"

ते हसले. "तुले थांबाचं भेव वाटते बे. थांबला त लोक उठून जातीन असं वाटते तुले."

मला इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांच्यासोबत जेवलोही नाही. पण वेगवेगळ्या ऑर्केस्ट्रात असूनही आम्ही दोस्त होतो, आणि मोठ्या कार्यक्रमाला दोघांनाही बोलावलं तर एकाच गाडीनं जायचो. ते पंधरा वर्षांनी मोठे. ते लीड, म्हणजे गिटारची मुख्य धून, वाजवणार, मी मागून कॉर्ड देणार. हेही ठरलेलंच.

असंच एकदा अकोल्याचा कार्यक्रम आटोपून दोघं अमरावतीच्या कार्यक्रमाला निघालो, तर मूर्तिजापूरला गाडी थांबली. भाऊंनी संत्री घेतली. एक सोलायला घेतलं आणि बराच वेळ ते नुसतं हातात फिरवत राहिले. डाव्या हाताचा अंगठा सालीत रुततच नव्हता. मला वाटलं, काहीतरी विचार चाललाय. मग त्यांनी ते संत्रं गपचूप माझ्यापुढे धरलं.

"सोल बरं. अंगठ्यात जोरच नाई राहिला."

"काहून? लागलं का कुठं?"

"झोपीत दबला असन."

मी सोललं, दोघांनी खाल्लं. पण गाडीत बसल्यावर माझं लक्ष सारखं त्या अंगठ्याकडे जाऊ लागलं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधला मांसल भाग खाली बसला होता. गिटारवाल्याचा तो भाग कसा टणक असतो. भाऊंचा तिथं खड्डा होता, आणि मला एकदम भीती वाटली.

दोन महिन्यांनी त्यांनी मला अमरावतीला घरी बोलावलं. वहिनी चहा ठेवून आत गेल्या तसं त्यांनी शर्टाची बाही वर केली. हात टेबलावर ठेवला. "पाह्य."

हात एकदम स्थिर होता. पण कातडीखाली काहीतरी वळवळत होतं. एकदा मनगटाजवळ, मग कोपराजवळ, मग दोन्हीकडे. ते हात हलवत नव्हते. मांस आपलं आपणच उडत होतं. मला तिथं बसवेना.

"दिवसभर असंच नाचून राहिलं," भाऊ म्हणाले. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा नसांचा आजार आहे आणि तो मागे फिरत नाही. आधी हा हात, मग तो हात, मग बोलणं, मग गिळणं. भाऊंनी हे सगळं आज कोणती गाणी कशानंतर घ्यायची ते सांगावं तसं सांगितलं.

मी म्हणालो, "भाऊ, बंद करा आता. सांगून टाका लोकाइले."

ते माझ्यावर असे खेकसले की आतून वहिनी धावत आल्या. त्या गेल्यावर हळू आवाजात म्हणाले, "एकदा का लोकाइनं 'बिच्चारा' म्हटलं, का मंग मी मेलोच समज. माहा सत्कार ठरला हाय. तो होऊ दे. मंग मीच माइकवर सांगतो, आता बस झालं म्हून. पण हात अस्सा पडलेला कोणाले दिसला नाई पायजे. तोवर तू वाजव."

ते माझ्याकडे काय मागत होते हे कळायला मला थोडा वेळ लागला. भाऊ पुढे खुर्चीवर गिटार घेऊन बसणार, पण त्यांच्या गिटारचा आवाज बंद. मी मागच्या पडद्याआड बसून त्यांचं लीड वाजवणार. पडद्याला ब्लेडनं एक चीर पाडायची, त्यातून मला त्यांचा हात दिसला पाहिजे, म्हणजे ते सूर सोडतील तेव्हा मीही सोडीन. आणि एक गोष्ट त्यांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतली.

"माहा हात गिटारच्या दांडीवरून सुटला का तू तिथच्या तिथं थांबजो. एक सूरही पुढं जाजो नको. मंग मी वायर हलवतो, हासतो, वायर गेली म्हन्तो. समजलं?"

आमच्याकडच्या स्टेजवर वायर जाणं ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की तिच्यावर कोणी संशय घेत नाही. मी हो म्हणालो. तीनदा हो म्हणालो.

असे तीन कार्यक्रम केले. एक मोझरीच्या पलीकडच्या गावात, दोन अमरावतीत. बँडमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी तोंड उघडलं नाही. माझी मात्र काय हालत व्हायची, ते माझं मला माहीत! पडद्यामागं अंधार, उकाडा, पायात वायरींचा गुंता, आणि डोळा त्या चिरेला लावलेला. प्रत्येक कार्यक्रमाला तो हात आणखी वाळलेला दिसायचा. दुसऱ्या कार्यक्रमात करंगळी वाकडी होऊन आत गेली होती. तिसऱ्यात ते हात दांडीवर दाबून धरत नव्हते, नुसता टेकवून ठेवत होते. मला घरी स्वप्नं पडायची की हात सुटला आहे आणि मला तो दिसत नाही.

त्यात एक विचित्र गोष्ट घडली. त्यांच्यासारखं वाजवता वाजवता मला थांबता यायला लागलं. तीन सूर, आणि मग तार वर ढकलून गप्प. पंख्यांची घरघर आता मला पडद्यामागून ऐकू यायची. ती माझी शांतता होती, मी केलेली! आणि टाळ्या पडायच्या भाऊंना. सुरुवातीला मला त्याचं काही वाटलं नाही. मग वाटायला लागलं.

सत्काराच्या दिवशी मी दुपारीच अमरावतीला पोचलो. स्टेजच्या मागं पडद्याऐवजी मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर भाऊंचा जुना फोटो, काळे केस, हातात गिटार. भाऊंनी खिशातून ब्लेड काढलं, उजव्या हातानं आपल्याच फोटोच्या कोपराजवळ वीतभर चीर पाडली आणि म्हणाले, "बस मागं. दिसते का पाह्य."

"दिसते," मी म्हणालो. स्वच्छ दिसत होतं.

मग चहाच्या वेळी आयोजकांपैकी एक जण मोबाइल घेऊन आला. मागच्या कार्यक्रमातली भाऊंची क्लिप. चारचौघांत त्यानं ती मला मुद्दाम दाखवली. "ऐका जरा. हा ठहराव. राग नका मानू, पण तुमी अकोल्याचे लोक सुराइची गर्दी करता. असं वाजवाले जन्म घ्यावा लागते." सगळे हसले. मोबाइलमधून माझीच तार वर चढत होती. भाऊ शेजारीच बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ते तरी काय बोलणार होते! पण त्या क्षणी मला त्यांचाही राग आला.

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. पहिल्या रांगेत वहिनी. भाषणं झाली, शाल झाली, आणि भाऊ खुर्चीवर बसले. मी फ्लेक्समागं. दोन गाणी छान गेली. तिसऱ्या गाण्याचा मधला तुकडा आला आणि मी जन्मात वाजवलं नव्हतं असं वाजवायला लागलो. तिसरा सूर वर नेला, तिथं थांबलो. शांतता. मग टाळ्या. लोक उभे राहिले असावेत, खुर्च्या वाजल्या. आणि चिरेतून मला दिसलं की भाऊंचा हात दांडीवरून सुटला.

थांबायचं होतं. माझ्या डोक्यात स्पष्ट आलं, थांब. आणि लगेच दुसरं आलं, एवढी ओळ संपवू दे, मग थांबतो. ओळ संपवली. टाळ्या पुढच्या रांगांपासून मागेमागे थांबत गेल्या. आता कुणीच टाळी देत नव्हतं. मी दुसरी ओळ सुरू केली आणि तीही शेवटपर्यंत वाजवली. नंतरच थांबलो. तोवर सभागृहातले निम्मे मोबाइल वर झाले होते, आणि मागून कोणीतरी मोठ्यांदा हसलं.

चहाच्या वेळचा तोच आयोजक फ्लेक्सच्या मागं आला. माझ्या दंडाला धरून त्यानं मला पुढे काढलं. "अहो, थांबायचं नाही का? त्यांचा हात खाली पडला, अन् तुमी वाजवतच होता!" लोक आरडाओरडा करत होते. कोणी म्हणालं फसवणूक, कोणी म्हणालं पोट्ट्यानं इज्जत काढली भाऊची. मला वाटलं, आता मार खातो.

भाऊंनी उजव्या हातानं माइक ओढला. "त्याले काहून बोलता?" ते म्हणाले. "हा सगळा माहा कारभार हाय. तो त फ्लेक्सच्या मागं होता. त्याले तिथून काय दिसते?"

आयोजक माझ्याकडे वळला. "खरंच दिसलं नाही तुम्हाला?"

मी म्हणालो, "नाही."

भाऊ माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं.

क्लिप सगळीकडे फिरली. तिच्याखाली दोन दिवस शिव्या होत्या. मग कोणीतरी आजाराचं लिहिलं आणि तिसऱ्या दिवसापासून तो शब्द सुरू झाला. बिचारा. हजार लोकांनी लिहिला. भाऊ त्यानंतर घराबाहेर पडले नाहीत. मी दोनदा गेलो. पहिल्यांदा ते बोलू शकत होते आणि आम्ही तारांच्या जाडीवर बोललो. दुसऱ्यांदा बोलू शकत नव्हते. वहिनी चमच्यानं पाणी पाजत होत्या. दोन्ही वेळा मी सांगायचं ठरवून गेलो होतो आणि दोन्ही वेळा अर्ध्या तासात उठून परत आलो. वर्षाच्या आत ते गेले.

श्रद्धांजलीच्या सभेला अकोल्याहून, अमरावतीहून सगळे वाजवणारे आले होते. पान खाणारे ते वयस्क गृहस्थही होते. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "भाऊ गेले. आता वऱ्हाडात तूच." वीस वर्षं हे ऐकायला मी तडफडलो होतो. मी हात सोडवून घेतला. सूत्रसंचालकानं तो सत्काराचा प्रसंग पुन्हा सांगितला, की बिचाऱ्या अकोल्याच्या दोस्ताला फ्लेक्समागून काही दिसत नव्हतं आणि तशा स्थितीतही भाऊंनी त्याला सांभाळून घेतलं. सगळ्यांचे डोळे भरून आले. मग माइक मला दिला. भाऊंसारखा गिटारवाला आपल्याकडे झाला नाही, माझ्यात आणि त्यांच्यात तुलनाच नव्हती, असं मी पाच मिनिटं बोललो. सगळं खरं बोललो. फक्त एक बोललो नाही. वहिनी समोर बसल्या होत्या.

मला दिसत होतं. भाऊंचा डावा हात सुटून मांडीवर पालथा पडला. तो पुन्हा दांडीवर ठेवायला त्यांनी उजव्या हातानं मनगट धरून उचलला, तो घसरला. त्यांनी परत उचलला. दुसरी ओळ मी त्यानंतर सुरू केली.