पिवळ्या कड्याचा कुरव

पक्षी बघायला जाणाऱ्या माणसाकडे पक्ष्यांच्या गोष्टी असतील, अशी लोकांची समजूत असते. आमच्याकडे माणसांच्याच जास्त निघतात. दरवर्षी हिवाळ्यात आम्ही सिद्धेश्वरच्या धरणावर एका पक्ष्याच्या मागं फिरलो आणि दरवर्षी एक-दोन किस्से घेऊन घरी आलो. पक्षी मात्र एकच. आता कुणी विचारलं की मी सुरू होतो, आणि माझी बायको चहा ठेवायला आत जाते. तिला सगळे पाठ आहेत.

मी एसटीत कंडक्टर. बरीचशी नोकरी हिंगोली–औंढा गाडीवर गेली. खंदारे सर हिंगोलीला शाळेत विज्ञान शिकवायचे. सत्याण्णवच्या आसपासची गोष्ट. ते एक लांबुळकी पेटी घेऊन गाडीत चढले. मी म्हणालो, “सर, पेटीला अर्ध तिकीट लागंल.”

सर म्हणाले, “फाडा. फक्त तिला खिडकी द्या.”

त्या दिवसापासून मी त्यांच्या कंपूत गेलो. पेटीत दुर्बीण होती, तिपाईवर बसवायची मोठी. सरांनी स्कूटर घ्यायचा बेत सोडून त्या पैशांत ती घेतली होती, हे पुढं कळलं.

*

पक्षी म्हणजे कुरव. पांढरा-राखाडी, कबुतराहून मोठा, पाण्यावर घिरट्या घालणारा. दिवाळी झाली की धरणावर थवा उतरायचा, आणि होळीच्या सुमारास डोकी तपकिरी व्हायला लागली की निघून जायचा. कुठून येतो, कुठं जातो, आमच्याकडे कुणालाच माहीत नव्हतं. त्यातल्या एकाच्या पायात सरांना पिवळं कडं दिसलं.

सरांनी मला समजावलं. दूरदेशी काही माणसं पिल्लांच्या पायात रंगीत कडं घालतात. कड्यावर काळी अक्षरं असतात. जिथं कुणाला तो पक्षी दिसेल तिथून त्यानं अक्षरं वाचून कळवायचं. मग ते उलट कळवतात की हा अमक्या तळ्यावर जन्मला. पक्ष्याला हातही लावायचा नाही, नुसता वाचायचा.

“मंजे गाडीच्या पाटीसारखं,” मी म्हणालो.

“तसंच. फक्त ही गाडी थांब्यावर थांबत नाही.”

सरांना आयुष्यात एवढंच हवं होतं, की ह्या पक्ष्याचं गाव कळावं. शाळेत मास्तर लोक त्यांना चिडवायचे, “काय सर, पाखराची सोयरीक जमली का?” सर हसायचे. पण मला माहीत होतं, त्यांना ते लागायचं.

*

पहिल्याच रविवारी सरांनी धरणाकाठी तिपाई उभी केली आणि अर्ध्या तासात पंधरा-वीस माणसं गोळा झाली. धरणाकाठच्या गावात तिपाई म्हणजे जमिनीची मोजणी. मागच्या पिढीत तिपाई आली आणि जमिनी पाण्याखाली गेल्या. एक म्हातारा सरळ पुढं आला.

“साहेब, आता कोणाची चालली?”

सरांनी दुर्बीण कुरवावर लावली आणि म्हाताऱ्याला बघायला लावलं. म्हातारा बराच वेळ बघत राहिला.

“मंजे मोजणी पाखराची हाय व्हय?”

“हो.”

“मंग बराबर मोजा. न्हाईतर ते बी जाईल कचेरीत खेटे घालाया.”

सगळे हसले, म्हातारा पण हसला. पुढच्या रविवारपासून सर आधी गावात जाऊन सांगायचे, “पाखरं बघायला आलोय,” आणि मगच पेटी उघडायचे.

*

त्या हिवाळ्यात अक्षरं वाचता आली नाहीत, म्हणून सरांनी कडी घालणाऱ्यांच्या संस्थेला नुसतं कडं कळवलं : पिवळं, उजव्या पायात. महिन्या-दीड महिन्यानं उत्तर आलं. आम्ही उजव्या पायात पिवळं कडं कधीच घातलेलं नाही, कृपया पुन्हा बघावं.

सर हादरले. पुढच्या साली आम्ही काठावर उभे राहून वाद घालत होतो. सर म्हणत होते, उजवाच आहे, मी स्वतः बघितलाय. तिथं कोंडाबाई मेंढरं चारत होती. धनगराची बाई, साठीची. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळावर गवत येतं, तिथं तिचा कळप असायचा. तिनं थोडा वेळ आमचं ऐकलं.

“गुर्जी, पाखरू तोंड कुणीकडं करून उभं व्हतं?”

“माझ्याकडं.”

“मंग तुमचा उजवा त्याचा डावा न्हाई का? बैल जुपताना तुमी फुडं उभं राहिले म्हणून डावा बैल उजवा व्हतो का? जनावराचा डावा मंजे जनावराचा डावा. आपण कुठं उभं हाव, त्याच्याशी त्याला काय घेणं?”

पंचवीस वर्षं मुलांना बेडकाचं शरीर शिकवलेला माणूस. सरांनी तिथंच वही काढली आणि मागच्या सालची ओळ खोडली.

*

मग सरांनी शक्कल काढली. आमच्या गाड्यांत चिठ्ठ्या लावल्या : पायात पिवळं कडं असलेला पक्षी दिसल्यास कंडक्टरला सांगावे. सांगणारे खूप निघाले. कनेरगाव नाक्याच्या एका ढाबेवाल्यानं निरोप धाडला की पक्षी इथं रोज येतो, तुम्ही जेवायलाच या. आम्ही गेलो. पक्षी आला नाही, जेवण मात्र चांगलं होतं.

सेनगावहून निरोप आला, पक्षी पकडून ठेवलाय. सरांनी शाळेतून सुट्टी घेतली, जीपच्या मागं लोंबकळत आम्ही सेनगाव गाठलं. टोपलीखाली कोंबडी होती. पायात पिवळ्या बांगडीचा तुकडा. घरातल्या लेकीनं हौसेनं घातलेला.

माझा जीव तीळ तीळ तुटला. सरांनी मात्र त्या पोरीसमोर वही उघडली आणि गंभीरपणे लिहिलं : कोंबडी एक, पिवळं कडं, उजवा पाय. मग माझ्याकडं बघून पुढं जोडलं : कोंबडीचा उजवा.

*

अक्षरं वाचण्यातली खरी अडचण चिखलाची होती. कुरव काठच्या गाळात उभा राहायचा आणि कडं बुडायचं. ती अडचण सोडवली मारोतीनं. मारोती धरणात मासे धरायचा आणि काठावर साफ करायचा. त्यानं एक दिवस उथळ पाण्यात मोठा सपाट दगड आणून टाकला आणि रोज माशांची आतडी त्यावर ठेवायला लागला.

“पाव्हणा एवढ्या लांबून येऊन राहिला, त्याला चिखलात काहून बसवायचा? पाट मांडला त्याला.”

पंधरा दिवस त्या पाटावर कावळे जेवले, बगळे जेवले, एक कुत्रं पोहत जाऊन जेवलं. मारोती कुणाला हाकलायचा नाही. सोळाव्या की सतराव्या दिवशी पिवळ्या कड्याचा कुरव येऊन उतरला आणि दोन्ही पाय कोरडे ठेवून उभा राहिला. त्या क्षणी मारोतीचा चेहरा बघायला हवा होता. आपल्या घरी जावई जेवायला बसल्यासारखा माणूस ताठ झाला होता.

तीन खुणा आम्ही वाचल्या. दोन अक्षरं, मग एक आकडा. चौथी झिजली होती. सर म्हणाले आठ. मी म्हणालो तीन. मारोती चार बुकं शिकलेला, तो म्हणाला, “दोघं बी बराबर हाव.” सरांनी तिन्ही खुणा कळवल्या, चौथीपुढं आठ की तीन असं लिहिलं. उत्तर आलं : दोन्ही आकडे जुळत नाहीत. खात्री असेल तेव्हाच कळवावं.

ते पत्र सरांनी घडी करून खिशात ठेवलं आणि नंतर कितीतरी दिवस ते तिथंच होतं.

*

पुढच्या हिवाळ्यात आम्हाला कळलं की सरांना दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शस्त्रक्रिया उन्हाळ्यात करायची ठरली होती. दुर्बिणीला डोळा लावून ते म्हणाले, “मला दूध दिसतंय नुसतं.” मग हळूच म्हणाले, “पुढच्या साली हा येईल की नाही, आला तर मला दिसेल की नाही. कुणीतरी वाचा हो.”

मी बघितलं. मला पुन्हा तीनच दिसला. मारोतीला ह्या वेळी आठ दिसला. कुरव पाटावर उभा होता, आणि तो किती वेळ थांबेल ह्याचा काही भरवसा नव्हता.

कोंडाबाई काठी टेकून बघत होती. सर म्हणाले, “कोंडाबाई, तुम्ही बघता का?”

“मला वाचता येत न्हाई, गुर्जी.”

“वाचू नका. नुसतं बघा.”

तिनं एक डोळा तळहातानं झाकला आणि वाकली. वाकली ती वाकलीच. मेंढरं पांगली तरी मान वर केली नाही. धनगराच्या कळपात प्रत्येक घराची कानाची चीर वेगळी असते, आणि ही बाई दुसऱ्याच्या कळपात गेलेली मेंढी लांबून ओळखते. तेच डोळे आता त्या कड्यावर होते. शेवटी ती उठली आणि काठीनं ओल्या गाळात एकाखाली एक चार आकृत्या काढल्या. पहिल्या तीन हुबेहूब आमच्याच निघाल्या. चौथीवर काठी ठेवून म्हणाली,

“हिची पाठ सरळ हाय. पोटं दोन. तुमी म्हणता तशी दोन्हीकडून गोल न्हाई, अन् मागून उघडी बी न्हाई.”

सरांनी गुडघ्यावर बसून त्या रेघेवरून बोट फिरवलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून बोटानं वाचलं.

“बी,” सर म्हणाले. “इंग्रजी बी आहे हे. आकड्यानंतर आकडाच येणार, असं आपण धरून बसलो होतो.”

आम्ही तिघं शिकलेले. आम्हाला जे येत होतं तेच आम्ही तिथं वाचलं. तिला काहीच वाचायचं नव्हतं, म्हणून जे होतं ते तिला दिसलं.

*

कळवायचा फॉर्म सरांनी माझ्या गाडीतच भरला, म्हणजे ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. जागा, वेळ, रंग, पाय, अक्षरं. शेवटचा रकाना होता : बघणाऱ्याचं नाव.

सर थांबले. इतक्या हिवाळ्यांची पायपीट, शाळेतली थट्टा, खिशातलं ते पत्र, सगळं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. खरं सांगतो, मी पेन घेऊन त्यांचंच नाव लिहायला तयार होतो, आणि कुणी मला नावं ठेवली नसती.

“लिहा,” सर म्हणाले, “कोंडाबाई. मुक्काम सिद्धेश्वर, धरणाचा काठ.”

त्या माणसाबद्दल मला एरवीही आदर होता. त्या दिवशी मी त्यांच्याकडून तिकीट घेतलं नाही, स्वतःच्या खिशातून भरलं.

*

उत्तर आलं ते कोंडाबाईच्या नावानं. काठावर फिरणाऱ्या कळपाला पत्ता कुठला, म्हणून पोस्टमननं लिफाफा माझ्याकडं दिला. सर तोवर डोळे करून आले होते. काठावर बसून त्यांनी वाचायला सुरुवात केली. पक्षी हिमालयापलीकडच्या पठारावर, एका तळ्यातल्या बेटावर जन्मला होता. पिल्लू असताना कडं घातलं, त्यानंतर तो जगात कुठंही कुणाला दिसला नव्हता. फक्त इथं, कोंडाबाईला. ही ओळ सरांनी पुन्हा एकदा वाचून दाखवली.

“मंजे हिमालय वलांडून येतं व्हय,” कोंडाबाई म्हणाली. “अन् आमी औंढ्याला चालत गेलो तर पाय धरून बसतो.”

लिफाफ्यात त्या तळ्याचा फोटो होता. निळं पाणी, मागं बर्फ, पुढं चरणारा मेंढरांचा कळप. सर बोट ठेवून दाखवत होते, हे तळं, हे बेट, इथं घरटं. कोंडाबाईनं फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. तळ्याकडं तिनं बघितलंच नाही.

“गुर्जी, ह्यातली एक मेंढी पाय टेकवून न्हाई राहिली. ही कडंची. खुरात कायतरी हाय. तिला लई तकलीफ व्हत असंल. कळवा त्यांला.”

मी वाकून बघितलं. “कुठला, मागचा उजवा ना?”

तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मेंढी तोंड आमच्याकडं करून उभी होती.

“डावा,” मी म्हणालो.

एवढ्या लांबच्या शास्त्रज्ञांना असलं काही कळवायचं का, ह्यावर मी आणि मारोतीनं सरांना बरंच समजावलं. सरांनी ऐकलं नाही. आभाराच्या पत्राखाली लिहिलं : बाईंचं म्हणणं आहे की फोटोतल्या कडेच्या मेंढीचा मागचा डावा पाय बघावा.

पुढच्या दिवाळीत कुरव आले. पिवळ्या कड्याचाही आला, थेट पाटावर उतरला. त्याच आठवड्यात पोस्टमननं माझ्या गाडीला हात केला. लिफाफा पुन्हा कोंडाबाईच्या नावाचा. सरांनी काठावर उभ्यानंच वाचला. कडी घालणाऱ्या माणसानं लिहिलं होतं, की तुमचं पत्र मी त्या कळपाच्या मालकिणीला वाचून दाखवलं. ती तडक मेंढवाड्यात गेली. मागचा डावाच होता. खुराच्या फटीत जुना काटा निघाला. मेंढी आता चालते.

कोंडाबाईनं मान हलवली.

“तिला कोकरू किती हाय, ते न्हाई लिहिलं?”

सरांनी खिशातलं पेन काढलं.