मुठीखालची खूण

मी जात्याच भित्री आहे. लिफ्टमध्ये एकटी जात नाही, आणि एसटीत ड्रायव्हरमागची जागा मिळाली तर सगळा प्रवास डोळे मिटून करते. तरी गेली वीस-बावीस वर्षं मी जुन्या जपानी तलवारी पारखते. नाशिकच्या एका कॉलेजात धातुशास्त्र शिकवत असताना दोन वर्षं जपानला राहायला मिळालं, तिथे हे वेड लागलं. माझ्या स्वतःच्या दोनच आहेत. बाकी लोकांच्या पाहून देते. ‘तलवारीची भीती नाही का वाटत?’ असं सगळे विचारतात. तलवारीची नाही वाटत. माझ्या तोंडून निघणाऱ्या शब्दाची वाटते.

त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांची तलवार मी पाच मिनिटांत नकली ठरवली, आणि तीही मूठ न उघडता. त्यांनी घरी जाऊन ती भंगारात दिली. नंतर त्यांच्याकडचा एक जुना फोटो पाहण्यात आला. त्यात मुठीखाली झाकल्या जाणाऱ्या पात्याच्या बुंध्यावर कोरलेली अक्षरं मला लख्ख वाचता आली. तलवार अस्सल होती. मी फोन करून रडतच कबुली दिली, तेव्हा ते “असू द्या” एवढंच म्हणाले. त्यानंतर तीन वर्षं मी कुणाची तलवार हातात धरली नाही.

म्हणून चाकूरजवळच्या एका गावातून विश्वनाथ गुरुजींचा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीला आलेले. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढले होते. शरण आलेल्या जपानी अधिकाऱ्याची तलवार त्यांनी घरी आणली, असं सारं गाव लहानपणापासून ऐकत आलेलं. आता गावच्या वाचनालयात काचेची पेटी तयार होती. पण गावातलेच एक निवृत्त तलाठी उठून म्हणाले, ही तर नांदेडच्या बाजारातली तलवार, जाणकाराचा कागद आणा, मगच पेटीत ठेवा.

“तलवारीचं काही नाही ओ मॅडम,” गुरुजी फोनवर म्हणाले. “पण माझा बाप खोटं बोलला का काय, एवढं मला मरायच्या आत कळू द्या.”

त्यांनी फोटो पाठवले. मूठ आणि पितळी हातरोधक (मूठ आणि पातं यांमधली चकती) दोन्ही अस्सल दिसत होते. मुठीवर वळलेली दोरी, तिच्या फटींतून दिसणारं माशाचं खरखरीत कातडं, सगळं बरोबर. मी हरखले आणि तिकीट काढलं. गाडी सुटल्यावर फोटो पुन्हा पाहिले. पात्याचा एकही फोटो धड नव्हता.

नांदेडला सकाळी उतरले. स्टेशनबाहेर सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा पदार्थ) खाल्ली, वर दोन कप चहा घेतला. खरं तर तिथूनच चाकूरची बस पकडायची, पण तलाठ्यांचे शब्द डोक्यात होते. इथली नक्कल कशी असते ते आधी पाहून घ्यावं, म्हणून गुरुद्वाऱ्याकडच्या, तलवारींची दुकानं असलेल्या गल्लीत शिरले. दोन्ही बाजूंना चकचकीत पाती टांगलेली. वाऱ्याने ती एकमेकांवर आपटली की मी दचकत होते.

एका छोट्या दुकानात पांढऱ्या दाढीचे कारागीर कानशीने मूठ घासत बसले होते. मी जपानी तलवारीचं विचारलं.

“हाव, बनवतो ना. नाटकवाले घेऊन जातात,” ते म्हणाले. “पण आमच्या वडिलांची बात और होती. गिऱ्हाईक नुसती मूठ घेऊन यायचं, वडील तिच्यात पातं असं बसवायचे की बनवणाऱ्यानंच ओळखावं.”

“नुसती मूठ?”

“तर. पातं गंजतं, मोडतं. मूठ राहते.” त्यांनी मागच्या फळीवरून एक जुनं पातं काढलं आणि त्याचा बुंधा माझ्यासमोर धरला. बुंध्यावर तीन बारीक टिंबं होती आणि त्यांच्याखाली आडवी रेघ. “ही वडिलांची खूण. मुठीखाली मारायचे.”

“वर का नाही?”

“वर मारली तर गिऱ्हाईकाचा मान जातो, बाई.” ते पातं फडक्यात गुंडाळत म्हणाले, “कोणाची तलवार बघाया चाललात?”

मी सांगितलं.

“अन् खोटी निघाली तर त्या म्हाताऱ्याला काय सांगणार?”

दुकानातून निघाले ते बसमध्ये बसेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

लोहा, अहमदपूर करत बस चालली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तूर पिवळीधमक फुलली होती, मधून मधून हरभऱ्याची हिरवी चादर. एरवी मी असलं काही दिसलं की वहीत टिपून घेते. त्या दिवशी वही पिशवीतच राहिली. पिशवीत पितळेची छोटी हातोडी, भिंग आणि मऊ कापडही होतं. शेजारच्या आजीबाईंनी हातोडी पाहून विचारलं, “कुणाचं दार बसवाया चाललीस गं बाई?” सगळी बस हसली. मीही हसले, पण माझं लक्ष त्या तीन टिंबांवर होतं. ती दिसू नयेत, एवढीच प्रार्थना मी चाकूरपर्यंत करत होते.

फाट्यावर गुरुजी स्वतः उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायांत घासून चकचकीत केलेल्या चपला.

“जयभीम मॅडम. सकाळपासून वाट बघायलोय,” ते म्हणाले. घराकडे चालताना वाटेत वाचनालय लागलं. त्यांनी मुद्दाम दार उघडून काचेची पेटी दाखवली. आत लाल मखमल अंथरलेली होती. ओट्यावर बसलेले तलाठी आमच्याकडे पाहत पेपर वाचण्याचं सोंग करत होते. गुरुजींनी कुलूप लावून ते दोनदा ओढून पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी या गावात एकटीच घाबरलेली नाही.

घरी गुरुजींच्या पत्नी सुमनबाई अंबाडीची भाजी चिरत बसल्या होत्या. शहरातून आलेल्या बाईने नुसतं बसून राहणं बरं नाही, म्हणून मी “द्या, मी चिरते” म्हटलं आणि विळीवर बसले. पहिल्याच जुडीला बोट कापलं. कळलंसुद्धा नाही, पाटावर रक्ताचे थेंब दिसले तेव्हा कळलं.

“अगं माय! सांगायचंच राहिलं,” सुमनबाईंनी हळद दाबली, वर चिंधी बांधली. “ही विळी उलटी हाय. समद्यांच्या विळ्या आपल्याकडं वाकत्यात, ही पल्याड वाकती. नव्या माणसाला कापतीच.”

जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि येसराची आमटी (भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची पातळ आमटी) होती. चव उत्तम होती असं मी म्हणाले, आणि ती असणारच. माझं लक्ष मात्र कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीकडे होतं; तलवार तिच्यात होती.

मग गुरुजींनी त्या पेटीतून तलवार काढली. तलवार घरात ठेवायच्या परवानगीचा पोलीस ठाण्याचा कागदही जपून ठेवलेला, तो आधी पुढे केला. मी खिडकीपाशी सतरंजीवर बसले आणि म्यान सरकवलं.

अस्सल जपानी पात्याला धारेलगत एक धुकट पांढरा पट्टा असतो. धार कडक राहावी आणि पाठ मऊ, म्हणून पात्यावर मातीचा लेप देऊन ते तापवतात आणि पाण्यात बुडवतात. त्यातून तो पट्टा उमटतो. पहाटे नदीवर धुकं असतं तसा तो पोलादाच्या आत असतो. या पात्यावरही पट्टा होता, पण वरवरचा, दगडाने घासून काढलेला. तरीही मी तोंड उघडलं नाही. मागची चूक पुन्हा करायची नव्हती. मूठ उघडायलाच हवी होती.

“ही कधी उघडली होती?” मी विचारलं.

“कधीच न्हाई,” गुरुजी म्हणाले. “वडील म्हणायचे, मूठ सोडवायची न्हाई. मलाबी धीर झाला न्हाई.”

मुठीत पातं अडकवून ठेवणारी बांबूची खुंटी हातोडीने हलकेच ठोकून काढली. मूठ डाव्या हातात उभी धरून त्या मनगटावर उजव्या हाताने ठोसा मारायचा, मग पातं सैल होऊन वर येतं. पहिल्यांदा हललं नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्या वेळी कापलेल्या बोटातून कळ गेली आणि पातं सरकलं. बुंधा बाहेर आला. मी भिंग लावलं, पण त्याची गरज नव्हती. तीन टिंबं, खाली आडवी रेघ.

खोटं बोलावं असं माझ्या मनात आलं. अगदी स्पष्ट आलं. मूठ अस्सल होतीच. मूठ परत बसवली असती तर पुन्हा कुणी उघडली नसती. पण गुरुजी माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. चाळीस वर्षं वर्गासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला कोण लपवतंय ते बरोबर कळतं.

“सांगा मॅडम.”

“मूठ जपानी आहे,” मी म्हणाले. “पातं नांदेडचं आहे. बनवणाऱ्याची खूण मी आज सकाळीच पाहून आले.”

खिशातली दोन्ही पेनं काढून गुरुजींनी समोर ठेवली, पुन्हा खिशाला लावली. मला त्या ‘असू द्या’ची वाट पाहणं असह्य झालं.

“तुम्ही ही पहिल्यांदा कधी पाहिली?” काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं.

“पाचवीत व्हतो,” गुरुजी हळू बोलू लागले. “शाळेत पोरं म्हणायची, तुझ्या बापानं कुठला जपानी धरला, असंल तर दाखव की तलवार. मी घरी येऊन लई रडलो. दोन दिस जेवलो न्हाई. वडील म्हणाले, नांदेडला दोस्ताकडं ठेवलीय, आणतो. गेले अन् तीन दिसांनी घेऊन आले. मी शाळेत नेली. त्या दिवसापासून मला कुणी काही म्हणालं न्हाई.”

“आणि त्याआधी घरात नव्हती?”

“मी बघितली न्हाई.”

मूठ अस्सल, म्हणजे पातंही कधीतरी होतं. मग ते गेलं कुठे? बोट ठणकत होतं. मी चिंधी दाबून धरली आणि एकदम मनात आलं, कापलं तेव्हा मला कळलंसुद्धा नव्हतं. इतकी धार! आणि विळी वाकलेली पल्याड. तलवारीची धार बाकाच्या बाहेरच्या अंगाला असते. तिचा तुकडा पाटावर उभा करून धार आपल्याकडे केली, तर तो पल्याडच वाकणार.

मी उठले ती थेट स्वयंपाकघरात. विळी धुऊन भिंतीला टेकवलेली होती. खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. धार डोळ्यांच्या इतकी जवळ नेली की सुमनबाई ओरडल्या, “मॅडम, परत कापंल!”

धारेलगत पट्टा होता. अंबाडीच्या आंबट रसात वर्षानुवर्षं भिजून तो असा उठून आला होता की कुठल्याही संग्रहालयात मी तसा पाहिलेला नाही. वरच्या अंगाला लाकडासारखे बारीक पदर दिसत होते. पातं हाताने घडवलेलं, युद्धाच्या किती तरी आधीचं. टोकाला, जिथे छिन्नीने तोडलं, तिथे धारेचा टवका उडालेला होता. अशा पात्यासाठी मी जन्मभर हिंडले आणि कुणी त्याची विळी केली होती.

“ही कुठून आणली?” मी विचारलं.

“सासूबाईची हाय. मामंजी छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले, तवा लोहाराकडून करून आणली म्हणायच्या. जीव घ्यायची वस्तू आता घरात नको, असं म्हणाले म्हणं. कंची वस्तू ते सासूबाईनं सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई. उरल्याचं एक खुरपं बी केलं व्हतं, ते झिजून गेलं.”

“तू मला कधी बोलली न्हाईस!” गुरुजी दारात उभे होते.

“तुमी कधी सैपाकघरात आलाव का?”

गुरुजी खाली बसले. त्यांनी विळीच्या पात्यावरून, धार टाळून, बोट फिरवलं. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही.

“म्हंजे बाप खोटा न्हवता, मॅडम,” ते म्हणाले. “माझ्यासाठी एकदा नांदेडला जाऊन आला, एवढंच.”

मी कागद लिहून दिला. त्यात मूठ, नांदेडचं पातं आणि विळी, तिन्हींची नोंद केली. विळी पेटीत ठेवावी असं मी सुचवताच सुमनबाईंनी ती पदराआड घेतली. “अन् मी भाजी कशानं चिरू?”

परतताना नांदेडला गाडीला वेळ होता, म्हणून त्या कारागिरांकडे गेले. त्यांनी नुसती भुवई उंचावली. मी म्हणाले, “तुमच्या वडिलांचंच काम होतं. साठ वर्षं एकालाही खात्रीने ओळखता आलं नाही.” त्यांनी कानशी खाली ठेवली आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

भित्रेपणा गेला असं मी म्हणणार नाही. येताना डोळे मिटूनच बसले होते. पण शब्द उच्चारायच्या आधी जी भीती वाटते, ती आता मला शत्रू वाटत नाही; तिच्यामुळेच मी त्या दिवशी मूठ उघडली आणि खरं सांगितलं. बोटावर बारीक पांढरी रेघ राहिली आहे. भाजी चिरताना अजून तिच्याकडे नजर जाते.

मागच्या आठवड्यात गुरुजींनी वाचनालयाचा फोटो पाठवला. काचेच्या पेटीत लाल मखमल आहे आणि तिच्यावर काहीच नाही. फक्त शाळामास्तरच्या वळणदार अक्षरातली एक चिठ्ठी: ‘येथील वस्तू वापरात आहे. पाहण्यासाठी सुमनबाईंच्या स्वयंपाकघरात यावे. हात सांभाळावा.’