विरजणापुरता मावा

माझ्या धाकट्या जावेइतका किड्यांचा पाहुणचार करणारी बाई तलमडुगूच्या शिवारात दुसरी झाली नाही. आणि तिच्याइतकं मला जाळणारीही दुसरी नाही.

वाटणी झाल्यावर दोघींच्या कपाशीच्या पऱ्हाटीत एकच धुऱ्याचा बांध उरला. पण लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे, पिकाचा रस शोषणारी मावा कीड खाणारे ढालकिडे उतरायचे ते नेमके तिच्याच बाजूला. ती त्यांना पाहुणे म्हणायची. पानाखाली पिवळ्या अंड्यांचा पुंजका दिसला, की तिथं शिंकायचीसुद्धा तोंडाला पदर लावून, पाठ फिरवून. त्यातून सुसरीच्या पिलांसारख्या काळ्या, काटेरी अळ्या निघाल्या की मला किळस यायची, हिला पान्हा फुटायचा. "बाई, मायपेक्षा लेकरंच जास्त मावा खातेत. खाऊ द्या, वाढतं आंग हाय!" अळी कोश करून पानाला चिकटली, की मजुरणींना दटावायची, "हळू बोला वं, लेकरू निजलं हाय." आणि त्या खरंच कुजबुजत तण निंदायच्या! माझ्या शेतात त्याच बायका कावळ्यांसारख्या कोकलायच्या.

तेव्हा माझ्यात अक्कल कमी अन् तोरा फार. एकदा तिच्या देखत डबाभर ढालकिडे उचलून मी माझ्या पऱ्हाटीवर सोडले. मेले मागं वळूनही न बघता धुऱ्यापलीकडे उडाले. ती पोट धरून हसली. "काऊन राह्यतील, बाई? तुमी फवारून फवारून मावा ठेवलाच कुठं? पाहुण्याले जेवाले काय देता?"

दुसऱ्या सकाळी मी वाटी घेऊन तिच्या दारात. "थोडा मावा दे. विरजणापुरता."

अख्ख्या गावात कीड उसनी मागणारी मीच पहिली. तिनं माव्यानं भरलेली फांदी दिली, वर ऐकवलंही, "वापस करा बरं!" माझी पानं चिकट झाली, घरधन्यानं कपाळ बडवलं, तेव्हा कुठं दोन-चार पाहुणे आले. तेही मला वाटे तिचाच निरोप घेऊन आलेत.

आता मी नातवंडांची आजी झाले, आणि ती लेकाकडे हैदराबादेत चौथ्या मजल्यावर. यंदा माझ्या पऱ्हाटीवर पानोपानी ढालकिडे आहेत. जन्मभर ज्यापायी जळले ते सगळं धुऱ्याच्या अलीकडे. आता मी जळते ती तिला ठेवून घेणाऱ्या त्या चौथ्या मजल्यावर.

काल तिचा फोन आला तेव्हा मी शेतातच होते. "बाई, पाहुणे आले का?"

"एक नाही आला गं," मी रडवेल्या आवाजात म्हटलं. "तुझीच वाट पाहून राह्यले बहुतेक."

ती हळूच म्हणाली, "सकाळची बस अजून गावाकडं येते का, बाई?"

समोरच्या पानावर पिवळा पुंजका होता. नेमकी तेव्हाच मला शिंक आली. तोंडाला पदर लावून मी पाठ फिरवली.