पेडल स्टील आणि मुंबईचे दोन गिटारवाले

"मिस्तरी, तुमचं मशीन आउट ऑफ ट्यून आहे," विकी म्हणाला.

त्याला यंत्रासमोर बसून दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. केस खांद्यापर्यंत, पँटची मोरी एवढी रुंद की तिच्यात हार्मोनियमचा भाता मावला असता. शेजारी त्याचा जोडीदार रॉकी, काळा चष्मा लावून. माझ्या दुकानात दिवसाही ट्यूबलाइट लावावी लागायची, तरी त्याने तो चष्मा काढला नाही. दोघं मुंबईच्या कुठल्याशा हॉटेलात रॉक वाजवायचे. विकीचं घरचं नाव विश्वनाथ होतं. त्याच्या बॅगेवर तसं लिहिलेलं मी वाचलं होतं, पण त्या नावाने हाक मारली तर तो वळून बघत नसे.

"ट्यून सकाळीच केलंय," मी म्हणालो.

"मग परत करा. आठ वर्षं गिटार वाजवतोय मी."

जळगावात माझं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं. हार्मोनियमचे सूर लावायचे, तबल्याला शाई, बँडवाल्यांच्या क्लॅरिनेटच्या चाव्या, असली कामं. कानावर पोट असलेल्या माणसाला सूर लागलेला नाही असं कोणी सांगितलं की कसं वाटतं, ते मी इथे लिहीत नाही. मी मुकाट्याने एकेक तार मोकळी छेडून पेटीशी ताडून पाहिली. दहाच्या दहा तारा बरोबर होत्या.

आता हे यंत्र काय, ते थोडक्यात सांगतो. स्टील गिटार छातीशी धरत नाहीत. ती टेबलासारखी आडवी असते आणि तारा लाकडापासून चांगल्या उंच असतात. डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत दांडा असतो, त्याला बार म्हणतात. तो तारांवर नुसता टेकवायचा आणि सरकवायचा, दाबायचा नाही. त्यामुळे सूर गळ्यातून निघाल्यासारखा घसरत जातो. त्या काळी रेडिओवर सिनेमातल्या गाण्यांच्या धुना लागायच्या, त्यातला लांब ओढलेला गहिवरलेला आवाज याच गिटारचा.

पेडल स्टील म्हणजे त्याच्या पुढची गोष्ट. खाली पेडल असतात. पाय दाबला की काही ठरावीक तारा ठरावीक इतक्याच ताणल्या जातात आणि सूर बदलतो. पाय काढला की तारा जागेवर. अमेरिकेत ही यंत्रं कारखान्यात बनतात. मी एका रेकॉर्डच्या कव्हरवर तिचं चित्र पाहिलं आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. बंद पडलेल्या एका नाटक कंपनीच्या पायपेटीचे दोन पेडल, सायकलच्या ब्रेकच्या वायरी आणि शिलाई मशीनच्या स्प्रिंगा एका जुन्या स्टीलला जोडून मी सहा महिन्यांत तशी एक उभी केली. ती मदनशेठच्या ऑर्केस्ट्रासाठी होती.

मदनशेठ म्हणजे कापडाच्या दुकानदाराचा धाकटा मुलगा. वडिलांनी गल्ल्यावर बसवलं तर हा कापड मोजायच्या टेपने ताल धरायचा, म्हणून घरच्यांनी नाइलाजाने ऑर्केस्ट्रा काढू दिला. त्याच्याकडे नऊ वर्षं नाना स्टील वाजवत होते, आणि मी पेडल लावलेली ती जुनी स्टील त्यांचीच. नाना मूळचे एरंडोलचे, तार ऑफिसात नोकरीला, आणि संध्याकाळी गिटार. दुसरं काही व्यसन नाही, दुसरी काही हौसही नाही.

धुळ्याला एका टॉकीजमध्ये रविवारी सकाळी कार्यक्रम ठरला होता. त्या काळी ऑर्केस्ट्रे असेच व्हायचे. मॅटिनीच्या आधी हॉल रिकामा असायचा, मग साडेनऊला पडदा वर आणि बाराच्या आत सगळं आवरलेलं. मदनशेठने पोस्टर छापली, "खान्देशात प्रथमच! पेडल स्टील गिटार!" आणि आठवडाभर आधी पिंप्राळ्याच्या रस्त्यावर म्हशीला चुकवताना नाना स्कूटरवरून पडले. डावा पाय घोट्यात मोडला, गुडघ्यापर्यंत प्लास्टर. पेडल नेमके डाव्या पायाचे.

मदनशेठने मुंबईला फोन लावला आणि ही जोडी आणली. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "देखो मिस्तरी, साफ बोलतो. पोरांनी वाजवलं तर विकी कायम. नाही वाजलं तर स्टीलच बंद, धुळ्याचा एक अकॉर्डियनवाला बोलवायला तयार बसलाय."

"आणि नाना?"

"नाना नाना काय करता? पाय नाही तर पेडल नाही, हे तुम्हीच सांगितलं होतं ना!"

ते खरं होतं. पायाशिवाय आता या वाद्यात काही राम नाही, जुनी स्टील मागे पडली, असं मीच सहा माणसांत छाती फुगवून सांगत फिरत होतो. म्हणजे वाजलं तरी नाना घरी, नाही वाजलं तरी नाना घरी. मला फार वाईट वाटलं. पण ते यंत्र धुळ्याच्या स्टेजवर वाजावं असंही मला तितकंच वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

तर आता विकीकडे. मोकळ्या तारा बरोबर आणि बार टेकवला की सूर उतरलेला. एक नाही, प्रत्येक सूर थोडा खाली. मी त्याच्या डाव्या हाताकडे वाकून पाहिलं आणि मला हसूच आलं. साध्या गिटारीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. बोट फ्रेटच्या किंचित मागे दाबलं की तार फ्रेटला टेकते आणि सूर बरोबर निघतो. सूर फ्रेटच लावून देते, बोटाला अक्कल नसली तरी चालतं. स्टीलवर फ्रेट नसते, नुसत्या रंगवलेल्या रेघा असतात. बार नेमका रेघेच्या डोक्यावर ठेवावा लागतो. हा आठ वर्षांचा अनुभवी गृहस्थ बार रेघेच्या मागे ठेवत होता.

"रेघेवर ठेवा. मागे नाही," मी म्हणालो.

"आय नो," तो म्हणाला, आणि पुन्हा मागेच ठेवला.

मधून मधून रॉकीही यंत्रावर बसायचा, त्याची कथा वेगळी. मुंबईला तो वाह-वाह पेडल वापरायचा. ते पायाने वरखाली हलवलं की गिटार वॉव वॉव करते. माझ्या पेडलवर बसल्या बसल्या त्याने तेच सुरू केलं. पाणी उपसायचा हातपंप हलवावा तसा पाय. तारा ताणल्या, सुटल्या, ताणल्या, सुटल्या, आणि मोडलेल्या झोपाळ्यासारखा आवाज दुकानभर.

"एकदा दाबायचं आणि थांबायचं," मी सांगितलं.

"पण फील येत नाही ना, अंकल."

त्या अंकलने मी निम्मा गार झालो. बाकीचा अर्धा शुक्रवारी दुपारी झालो.

विकीची एक तक्रार पहिल्यापासून होती. "अॅक्शन फार हाय आहे." म्हणजे तारा लाकडापासून फार उंच आहेत. रॉकवाल्यांना तारा लाकडाला चिकटलेल्या लागतात, म्हणजे बोटं पळवता येतात. मी त्याला तीनदा समजावलं, की बाबा, इथे तू बोटं पळवणारच नाहीस, उंची आहे म्हणूनच बार वाजतो. त्याने मान डोलावली. मी जेवायला घरी गेलो. परत आलो तर माझी कानस त्याच्या हातात आणि यंत्राच्या तोंडाशी पितळेचा भुगा.

त्याने नट घासला होता. नट म्हणजे तारा जिथून सुरू होतात ती खाचांची पट्टी. तिच्यावर तारांची सगळी उंची. आता तारा खाली बसल्या होत्या आणि बार ठेवला की तारेसकट लाकडावर आपटत होता. सूर गेला, खडखड राहिली. तेवढ्यात रॉकीने नेहमीप्रमाणे पंप मारला आणि ब्रेकची एक वायर फटकन तुटली.

"आता जरा बरं आहे," विकी म्हणाला. खरोखर असंच म्हणाला.

मी कानस त्याच्या हातातून काढून घेतली आणि ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. माणसाला एखादं वाद्य येत नाही यात लाज कसली? मलाही सारंगी येत नाही. पण येत नाही हे कबूल करण्याऐवजी वाद्यच आपल्या मापाचं कापून घ्यायचं, ही मस्ती मी आयुष्यात तेव्हाच पाहिली.

मदनशेठ तालमीला आला. खडखड ऐकली आणि कपाळाला हात लावला. "उद्याचा एकच दिवस आहे! परवा सकाळी शो!"

"इन्स्ट्रुमेंटच लोकल आहे," विकी म्हणाला. "इंपोर्टेड असतं तर..."

मदनशेठने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बस. अकॉर्डियनवाल्याला तार करतो."

तार करायला तो तार ऑफिसात गेला, आणि तिथे ती तार ज्यांच्या हाती पडली त्यांनी संध्याकाळपर्यंत नानांच्या घरी निरोप पोचवला. शनिवारी सकाळी माझ्या दुकानासमोर टांगा थांबला. आधी काठी खाली आली, मग पांढरं प्लास्टर, मग नाना. विकी-रॉकी स्टुलावर चहा पीत बसले होते. त्यांनी जागा दिली नाही, मी दिली.

नानांनी यंत्रावरून हात फिरवला. घासलेल्या नटापाशी बोट थांबलं.

"हाई कोन करं?" त्यांनी विचारलं.

मी विकीकडे नुसतं बघितलं. नाना त्याला काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "मिस्तरी, नट कधय व्हयी?"

"नट दुपारपर्यंत होईल, नाना. पण पेडलच्या वायरी नव्याने ताणायच्या तर दोन दिवस लागतील. शिवाय तुमचा पाय..."

"मना पाय मोडेल शे, हात नही," नाना म्हणाले. "पेडल काबर लागस? नऊ वरीस काय मी पायघाई वाजाडं का?"

नऊ वर्षं ते पायाशिवायच वाजवत होते, हे मी साफ विसरलो होतो. आठवडाभर हा माणूस घरी बसून होता, कारण पायाशिवाय हे वाजत नाही हे त्याने माझ्याच तोंडून ऐकलं होतं आणि माझ्यावर विश्वास ठेवला होता. आणि मी जेवायला जाताना रोज त्यांच्या गल्लीवरून जात होतो. एकदाही आत डोकावून विचारलं नाही.

दुकानाच्या कपाटाच्या कोयंड्याची जाड पितळी पट्टी काढली, कापली, दहा खाचा पाडल्या. दुपारी दोनला नट बसला. तारा पुन्हा उंच झाल्या. नानांनी बार टेकवला, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो सूर असा लांब गेला, की समोरचा पानवाला काताचं बोट तसंच धरून दारात येऊन उभा राहिला. मदनशेठ तोवर आला होता. त्याने अख्खी धून ऐकली आणि अकॉर्डियनवाल्याला नको म्हणून दुसरी तार केली.

"पण पेडल काढू नका हां," तो मला बजावून गेला. "पोस्टरवर पेडल आहे."

म्हणून सुटलेल्या वायरी खाली नुसत्या बांधून ठेवल्या आणि पेडल दिसायला तसेच राहिले.

रविवारी टॉकीज भरलेली होती. नाना स्टेजवर बसले, प्लास्टरचा पाय बाजूला एका स्टुलावर ठेवून, सगळ्यांना दिसेल असा. त्यांच्या तीन धुना होत्या. दुसरी विदाईच्या गाण्याची होती. ती सुरू झाली आणि पहिल्या दोन रांगांतल्या व्यापाऱ्यांच्या घरच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सूर रेघेच्या ना मागे होता ना पुढे. वन्समोअर झाला. विकी आणि रॉकी विंगेत उभे होते. रॉकीने चष्मा काढला होता, विकी नानांच्या डाव्या हाताकडे बघत होता. काय बघायचं ते त्याला तेव्हा कळलं असेल तर चांगलं आहे, मी विचारायला गेलो नाही.

मदनशेठने स्टेजवरच माइकवर सांगून टाकलं, की नाना आमच्या ऑर्केस्ट्राचे कायमचे स्टील गिटारिस्ट आहेत. नानांनी मान खाली घातली आणि तारा पुसत राहिले.

पडदा पडल्यावर कार्यक्रमाचे पाहुणे, धुळ्याचे एक वयस्कर तेलाचे व्यापारी, आत आले. त्यांनी थेट माझे हात हातात घेतले.

"मिस्तरी तुम्हीच ना? वा! काय ते पेडल! पायाने असा सूर खेचायचा म्हणजे कमाल आहे. जुन्या गिटारीत ही गोष्ट नव्हती हो!"

स्टुलावर नानांचा प्लास्टरचा पाय त्यांच्यापासून दोन हातांवर होता. वायरी सुतळीने बांधलेल्या होत्या. मी "तुमची कृपा" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्या पेडलबद्दल मला आयुष्यात मिळालेली ती एवढीच शाबासकी.

महिन्याभराने नानांचं प्लास्टर निघालं. मी नव्या वायरी घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि पेडल जोडून देतो म्हणालो. नानांनी माझं मन राखायला थोडा वेळ विचार केल्यासारखं दाखवलं.

"ऱ्हाऊ दे, भाऊ," ते म्हणाले. "आते सवय व्हई गयी."

मी पेडल काढून घरी आणले.

त्या दोन पोरांना मी पुढे कितीतरी वर्षं चारचौघांत नावं ठेवली. आठ वर्षं गिटार वाजवली म्हणून स्टील आपोआप येईल असं ते धरून चालले होते. मी वीस वर्षं पेट्या दुरुस्त करत होतो, म्हणून नानांची स्टील सुधारता येईल असं धरून चाललो होतो. फरक एवढाच, की त्यांनी तिचं वाटोळं दोन दिवसांत केलं, मला सहा महिने लागले.